दगडातील पाने वाचणारा धर्मसेवक : स्टीफन हिस्लॉप



नागपूरला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हिस्लॉप कॉलेजचे नाव नवे नाही. पण हे हिस्लॉप कोण होते, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. आजच्या अंकात त्यांची ओळख करून देण्यामागे एक कारण आहे.

ही मुले सुट्टीत घरी येतात तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर एक प्रश्नही घेऊन येतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात लिहिले आहे की, जीवसृष्टी कोट्यवधी वर्षांत हळूहळू घडत गेली. मग निर्माणकर्त्या परमेश्वराची गरजच काय उरली? या प्रश्नाला घरात सहसा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे, असले प्रश्न विचारू नयेत. दुसरे म्हणजे, पुस्तकातले सगळे खोटे आहे. पहिल्या उत्तराने मूल गप्प होते आणि दुसऱ्या उत्तराने त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. दोन्ही वेळा ते चर्चपासून एक पाऊल दूर जाते. हिस्लॉप यांच्या आयुष्यात तिसरी वाट दिसते, आणि ती वाट आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून गेलेली आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. आपण ज्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो तोच हा दिवस. पण त्यांच्या प्रॉटेस्टंट घरात हा सण पाळला जात नसे. एडिंबरा आणि ग्लासगो येथे शिक्षण घेऊन ते धर्मसेवक झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. त्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून हिस्लॉप पत्नी इरॅस्मा यांच्यासह १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप मराठी शिकले, मराठीतून उपदेश करू लागले आणि १८४६ साली त्यांनी शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले.

आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेविषयी त्या काळच्या स्कॉटिश मिशनऱ्यांचे मत फारसे चांगले नव्हते, आणि आपल्याकडच्यांचेही त्यांच्याविषयी नव्हते. आज ती भिंत पुष्कळ खाली आली आहे. चांगले उदाहरण जिथे मिळेल तिथून घ्यावे.

गावोगावी उपदेशाला जाताना हिस्लॉप आणि हंटर यांचे लक्ष वाटेतल्या दगडांकडेही असे. १८५१ साली नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक वेगळा थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातील शंखशिंपले दगड होऊन बसले होते. याचा अर्थ काय? एकदा लाव्हारस वाहून आला आणि थंड झाला. त्यावर तळे साचले, तळ्यात जीव वाढले, मेले, गाळात रुतले. आणि मग पुन्हा लाव्हारस येऊन सारे झाकून गेला. आज त्या थरांचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास धरले जाते. कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मात त्यांना त्याहून कितीतरी जुन्या वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. त्यांतील ग्लॉसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराची पाने ज्या झाडांची होती, त्यांच्याच काळातल्या वनांचा कोळसा आज उमरेड, बल्लारपूर आणि घुग्घुसच्या खाणींतून निघतो. नागपूरच्या दक्षिणेस मांगली या गावाजवळ बेडकाच्या दूरच्या नातलगाची, एका मोठ्या उभयचर प्राण्याची कवटी सापडली. लंडनचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला.

पुढे वरोऱ्याजवळ पिजदुरा येथे हिस्लॉप यांना प्रचंड आकाराची हाडे मिळाली. ती डायनोसॉरची होती. आपल्या जिल्ह्यातील हे ठिकाण आजही जगभरच्या संशोधकांना माहीत आहे. तिथे प्राण्यांच्या शेणाचेही दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अंश आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये धानाच्या कुळातील वनस्पतींचेही. म्हणजे माणूस या पृथ्वीवर येण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी आपल्या धानाचे पूर्वज याच मातीत उगवत होते.

हिस्लॉप यांच्या काळात हे पचवणे सोपे नव्हते. बायबलमधील वंशावळींची बेरीज करून पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची आहे असे मानणारे पुष्कळ भाविक होते. १८५९ च्या नोव्हेंबरात चार्ल्स डार्विन यांचा जीवजातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स आणि शास्त्रज्ञ हक्स्ली यांचा गाजलेला वाद झाला. जीवसृष्टीच्या उगमासाठी निर्माणकर्ता मानायचा की नाही, हा प्रश्न घराघरांत शिरला. इकडे त्याच सुमारास हिस्लॉप जुन्या जीवांची हाडे जमवत होते आणि त्याच लोकांपुढे, त्याच गावांत, आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वराविषयी बोलतही होते. त्यांनी हातातला दगड लपवला नाही आणि तोंडातली प्रार्थनाही सोडली नाही.

ही दुटप्पी वागणूक होती का? नव्हती. त्यासाठी आपल्या नागभीड तालुक्यातील एक उदाहरण पाहू. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल ३ जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे जपले, पेरले, दरवर्षी निवडले, पुन्हा पेरले. त्यातून एचएमटी हे धान तयार झाले आणि दूरवरच्या शेतांत पोहोचले. २०१८ साली दादाजी वारले, पण त्यांचे धान आपल्या ताटात आहे. पिकात वेगळेपण उगवते, त्यातले काही निवडले जाते, पिढ्यान्‌पिढ्या ते पुढे चालते. डार्विन यांनी आपल्या ग्रंथाची सुरुवात शेतकरी आणि पशुपालक करतात त्या निवडीपासूनच केली होती. त्यांचे म्हणणे असे की, बांधीत जे काम दादाजींसारखा माणूस करतो, तशीच निवड रानात निसर्गाकडून आपोआप होते.

आता हे धान कसे झाले, असे कोणी विचारले तर उत्तर दादाजींच्या बांधीत मिळेल. पण धान, माती, पाऊस, निवडणारा माणूस आणि ज्या नियमांनी दाण्यातून अंकुर येतो ते नियम, हे सगळे मुळात आहेतच का, असे विचारले तर ते उत्तर बांधीत मिळणार नाही. हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. पहिल्या प्रश्नाला हातोडी आणि सूक्ष्मदर्शक लागतो. दुसऱ्या प्रश्नाला बुद्धी आणि श्रद्धा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हे फार स्पष्टपणे मांडले होते. परमेश्वर इतर कारणांच्या रांगेतले एक कारण नाही. तो सर्व कारणांना कारण होण्याची शक्ती देतो. त्यामुळे निसर्गाने केलेले काम म्हणजे देवाच्या वाट्यातून कमी झालेले काम, असा हिशेब नसतो. त्याच्याही आधी, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती माणसांना बजावले होते की, पवित्र शास्त्राचा आधार घेऊन निसर्गाविषयी भलतेसलते बोलू नये. त्याने जाणत्या लोकांपुढे शास्त्राचेच हसे होते.

ख्रिस्तसभेची आजची शिकवणही याच वाटेने जाते. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाबाबत उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, हे त्यांनी ठामपणे सांगितले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती हा केवळ एक तर्क राहिलेला नाही, असा अभिप्राय दिला.

इथे श्रद्धावंतांनी एक मोह टाळला पाहिजे. पहिली जिवंत पेशी नेमकी कशी झाली, हे विज्ञानाला अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. १९५३ साली स्टॅन्ली मिलर यांनी प्रयोगशाळेत साध्या वायूंतून ठिणग्या सोडून प्रथिनांचे घटक बनवून दाखवले, पण तिथून जिवंत पेशीपर्यंतची वाट लांब आहे. म्हणून काहीजण टाळी वाजवतात : बघा, इथे तुमचे विज्ञान अडले, इथेच आमचा देव! असा देव फार गरीब असतो. उद्या ती फट बुजली की त्याला राहायला जागा उरत नाही. आपला परमेश्वर आपल्या अज्ञानाच्या फटीत राहत नाही. जे समजले आहे तेही त्याचेच आहे.

हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, शंखशिंपल्यांनी देव सिद्ध होत नाही. तोच शंख हातात घेऊन एखादा सज्जन, अभ्यासू माणूस म्हणू शकतो की मला निर्माणकर्त्याची गरज वाटत नाही. त्याला वाईट ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय त्याच्याकडे एक अवघड प्रश्न आहे. हे सर्व थर म्हणजे एक मोठी दफनभूमीच आहे. माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षे जीव जन्मले, एकमेकांना खाऊन जगले, मेले, कुळेच्या कुळे नाहीशी झाली. प्रेमळ पित्याने ही वाट का निवडली? याचे सोपे उत्तर तत्त्वज्ञानात नाही. आपल्याकडे आहे तो क्रूस. ज्याने हे जग घडवले तो त्यातल्या मरणापासून दूर उभा राहिला नाही, स्वतः त्यात उतरला, एवढे आपण धरून आहोत.

हिस्लॉप यांनी दगडांइतक्याच आस्थेने माणसांचेही ऐकले. त्यांनी गोंड लोकांच्या चालीरीतींची, भाषेची माहिती जमवली आणि परधान गायकांच्या परंपरेतले लिंगोचे दीर्घ गीत लिहून घेतले. लिंगोचा फुलातून झालेला जन्म, गुहेत कोंडलेले गोंड, त्यांची सुटका, अग्नीचा शोध, हे सर्व त्यात आहे. आपल्या रानातल्या माणसानेही, शाळा आणि छापखाना येण्याच्या कितीतरी आधी, आपण कुठून आलो हे विचारले होते आणि त्याचे उत्तर गाऊन ठेवले होते. हा प्रश्न कोणा परक्याने शिकवलेला नाही. तो माणसाबरोबरच जन्मला आहे. पुढे भूशास्त्रज्ञांनी त्या प्राचीन खडकांना आणि दक्षिणेकडील अखंड महाखंडाला नाव दिले तेही गोंडांच्या भूमीवरूनच, गोंडवन.

१८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेले. तिथली प्राचीन शिलावर्तुळे पाहायची होती. पाहणी झाल्यावर ते शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले असता वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. त्यात बुडून ४ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांचा अंत झाला. शेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांची कागदपत्रे टेंपल यांनी १८६६ साली पुस्तकरूपाने छापली, त्यात लिंगोचे गीतही आले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली सुरू झाले.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशीही जुने दगड आणि शाळेतली मुले, दोन्ही कामे त्यांनी केली होती. एकासाठी दुसरे सोडावे असे त्यांना वाटले नाही.

म्हणून आईवडिलांना विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हा प्रश्न घेऊन आली तर घाबरू नका, रागावू नका. जीवशास्त्राचे पुस्तक त्यांना मन लावून वाचू द्या, चांगले गुण मिळवू द्या. जमले तर एकदा पिजदुऱ्याला घेऊन जा. आणि रविवारी पवित्र मिस्सात आपण सर्वजण उभे राहून श्रद्धांगीकार म्हणतो, तेव्हा निर्माणकर्त्या पित्याविषयीचे पहिलेच वाक्य घाईने उरकू नका. ते वाक्य सहा हजार वर्षांच्या जगाविषयी नाही आणि सहा दिवसांच्या वेळापत्रकाविषयीही नाही. हे सारे, शिंपल्यापासून धानापर्यंत आणि धानापासून आपल्या लेकरांपर्यंत, कोणाच्या तरी प्रेमातून आहे, एवढे ते सांगते.

निर्माणकर्ता पिता आपल्या तरुणांना सत्य शोधण्याचे धैर्य देवो आणि आपल्याला त्यांचे प्रश्न ऐकण्याचा धीर देवो.

आपला,
धर्मगुरू