सावित्रीबाईंच्याही एक बाई होत्या : मिस सिंथिया फरार



दरवर्षी 3 जानेवारीला आपल्या शाळांत सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून येतात, भाषणं करतात. अशा वेळी एखादं चुणचुणीत मूल हमखास विचारतं की सावित्रीबाईंना कोणी शिकवलं? जोतिरावांनी, असं आपण सांगतो आणि ते खरंच आहे. पण या उत्तरात आणखी एक नाव जोडायला हवं. ते नाव म्हणजे मिस सिंथिया फरार.

सिंथियाबाईंचा जन्म 1795 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. पुढे त्या शिक्षिका झाल्या. त्या काळात अमेरिकन मिशनची माणसं मुंबईत येऊन स्थिरावली होती. मिशनने 1824 मध्ये इथे मुलींची शाळाही सुरू केली होती. या शाळा सांभाळायला एक स्त्री शिक्षिका हवी, अशी मागणी मुंबईहून अमेरिकेत गेली. सिंथियाबाई तयार झाल्या. वय 32, लग्न झालेलं नाही. अशी बाई एकटी परदेशी कामाला निघणं तेव्हा अमेरिकेतसुद्धा नवलाचंच होतं.

जून 1827 मध्ये त्यांनी बोस्टन सोडलं. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून जहाज यायचं. त्या मुंबईला पोचल्या तेव्हा डिसेंबर संपत आला होता. म्हणजे नुसत्या येण्यातच अर्धं वर्ष गेलं!

आता त्यांच्यापुढची अडचण समजून घ्या. मुलगी शिकली तर तिचा नवरा मरतो, अशी समजूत लोकांत होती. दहाव्या वर्षाच्या आत लग्न उरकायचं, मग शाळा कसली? शिकवायला स्त्रिया मिळत नसत, म्हणून पंतोजी नेमावे लागत. शिवाय पालकांच्या मनात आणखी एक भीती होती, ती म्हणजे धर्मांतराची. ही भीती अगदीच निराधार नव्हती. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि बाईही त्याच श्रद्धेने आल्या होत्या. मुलांना सांगताना ही बाजू आपण झाकू नये. श्रद्धा त्यांची होती, पण वाचायला-लिहायला शिकलेल्या मुली आपल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बाई मराठी शिकल्या. मुंबईत जवळपास दहा वर्षं त्यांनी मुलींच्या शाळांची देखरेख केली. मग तब्येत ढासळली आणि 1837 मध्ये त्यांना अमेरिकेला परतावं लागलं. खरं तर गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. दहा वर्षं सेवा झाली होती, वय चाळिशीपार गेलं होतं. पण 1839 मध्ये त्या पुन्हा आल्या. या वेळी मुंबईत न राहता त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या. तेव्हाचा प्रवास कसा असेल याची कल्पना करून पाहा. आपल्या कळव्याजवळची खाडी ओलांडून रेल्वे कल्याणला गेली तीच मुळी 1854 मध्ये. त्याआधी घाट चढायचा तो बैलगाडीने, घोड्यावरून किंवा पालखीतून.

नगरमध्ये बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुले आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासोबत नगरला गेले असताना त्यांनी या शाळा पाहिल्या आणि तिथलं काम त्यांच्या मनात भरलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पुढे 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण दोन ठिकाणी घेतलं, एक पुण्यात मिचेलबाईंकडे आणि दुसरं नगरला फरारबाईंकडे. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर सावित्रीबाईंचं डीएड इथेच झालं!

जानेवारी 1862 मध्ये नगरलाच फरारबाईंचं निधन झालं. पहिल्यांदा मुंबईच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याला 34 वर्षं होऊन गेली होती.

आता थोडं आजच्याबद्दल. परदेशातल्या चर्चचे, कॉलेजांचे गट हल्ली आठ-पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या देशात सेवेला जातात. शाळेची भिंत रंगवतात, वह्या वाटतात, मुलांशी खेळतात, फोटो काढतात. आपल्याकडची मंडळीही सुट्टीत पाड्यांवर असे उपक्रम करतात. हेतू चांगलाच असतो, त्याला नावं ठेवू नयेत. पण पंधरा दिवसांत मुलांची भाषा कळत नाही. कोणतं मूल रोज गैरहजर राहतं आणि का, हेही कळत नाही. भिंतीचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. फरारबाई भाषा शिकल्या, राहिल्या, परत आल्या, आणि मुख्य म्हणजे त्यांनी इथल्याच बाईला शिक्षिका व्हायला मदत केली. मग पुण्यातल्या मुलींना शिकवायला परदेशी बाईंची गरज उरली नाही. बाहेरून आलेल्या माणसाच्या सेवेचं मोल मला तरी यातच दिसतं. आपण पाड्यावर जाऊ तेव्हाही हेच स्वतःला विचारायला हवं, की आपण निघून आल्यावर तिथे शिकवणारं कोणी तयार झालं का?

वर्गासाठी एक छोटा उपक्रम सुचवते. या जयंतीला फळ्यावर सावित्रीबाईंचं नाव लिहा, त्याच्या वर जोतिराव, फरारबाई आणि मिचेलबाई. मग मुलांना घरी विचारून यायला सांगा की आईला कोणी शिकवलं, आजीला कोणी, आणि आजी शिकली नसेल तर का नाही? पालकहो, या प्रश्नाचं उत्तर देताना घाई करू नका. काही घरांत ते जरा अवघड असेल, तरी मुलांना खरं तेच सांगा.