संत फ्रान्सिस झेवियर : चित्रातले आणि चरित्रातले

पुष्कळ ख्रिस्ती घरांतून संत फ्रान्सिस झेवियर यांची तसबीर असते; परंतु तिच्यात काय पाहावे, याचा विचार आम्ही क्वचितच करितो. यास्तव पीटर पॉल रुबेन्स या थोर चित्रकाराने १६१७-१८ च्या सुमारास अँटवर्प येथील येशूसंघाच्या मंदिराकरिता काढिलेल्या चित्राच्या आधारे आम्ही हे चरित्र सांगतो. ते चित्र हल्ली व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे.

चित्रात संत उंच चौथऱ्यावर साध्या काळ्या झग्यात उभे आहेत. खाली आंधळ्यांची, रोग्यांची आणि मृत्यूतून उठणाऱ्यांची दाटी आहे. वर मेघांत श्रद्धा स्त्रीरूपाने हाती चषक घेऊन विराजमान असून देवदूतांनी क्रूस धरिला आहे. तेथून प्रकाश उतरतो आणि मागील देवळातील मूर्ती कोसळते. सुवार्तेचा विजय दाखविण्याची ती त्या काळच्या युरोपीय चित्रकारांची रीत होय. संतांचा एक हात वर उचललेला आहे. आमच्या मते चित्राचे मर्म येथेच आहे. तेज संतांचे नव्हे. ते केवळ त्याची दिशा दाखवितात.

त्यांचे चरित्रही हेच सांगते. ७ एप्रिल १५०६ रोजी नावारातील झेवियर गढीत, सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पॅरिस येथे शिकत असता मोठेपणाची आस होती. ती संत इग्नेशियस यांच्या सहवासात गळून पडली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी त्यांनी सोबत्यांसह व्रत घेतले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. तेथे ते रुग्णांची व बंदिवानांची सेवा करीत, आणि घंटा वाजवीत मुलांस धर्मशिक्षणास बोलावीत. पुढे दक्षिण किनाऱ्यावरील मोती काढणारे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ साली जपान, असा त्यांचा प्रवास झाला.

त्यांच्या पत्रांत चमत्कारांपेक्षा श्रमांचीच वार्ता अधिक आहे. बाप्तिस्मा देता देता त्यांचे हात गळून जात. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या सांचियान बेटावर त्यांनी देह ठेविला, तेव्हा अंतोनियो हा चिनी सोबती जवळ होता. चित्रातील ती दाटी कोठे, आणि ते एकाकी मरण कोठे!

१५५४ साली त्यांचा देह गोव्यास आणिला गेला. आज तो बॉम जेझू मंदिरात आहे. १६२२ साली त्यांस संतपद मिळाले.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या या दिवसांत तसबिरीपुढे मेणबत्ती लाविताना नवस अवश्य बोलावा. परंतु ते श्रमलेले हात आम्हांस कोणत्या कामास बोलावीत आहेत, हेही स्वतःस विचारावे.