ह्युबर्ट हम्फ्री : दोन माघारी

ह्युबर्ट हम्फ्री यांचा जन्म १९११ साली अमेरिकेतील दक्षिण डाकोटात एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. १९४५ मध्ये ते मिनिआपोलिसचे महापौर झाले व १९४८ मध्ये सिनेटवर निवडून गेले.

१९६० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ते जॉन केनेडींविरुद्ध उभे राहिले. विस्कॉन्सिन व वेस्ट व्हर्जिनियातील प्राथमिक निवडणुका हरताच त्यांनी माघार घेतली. सिनेटमध्ये परतून १९६४ चा नागरी हक्क कायदा संमत करून घेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे ते उपाध्यक्ष झाले. १९६८ मध्ये उमेदवारीही मिळाली. परंतु निक्सन विजयी झाले.

१९७२ मध्ये मात्र कॅलिफोर्नियात मॅकगव्हर्न यांच्याकडून हरल्यावरही ते थांबले नाहीत. तेथील प्रतिनिधींच्या वाटणीचा वाद पक्षाच्या अधिवेशनापर्यंत गेला. तेथेही अपयश आल्यावरच त्यांनी माघार घेतली. दुभंगलेला पक्ष नोव्हेंबरात ५० पैकी ४९ राज्यांत हरला. त्याचे सारे खापर हम्फ्रींवर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही मतदारांचा कौल विरुद्ध गेल्यावर केवळ नियमांच्या आधारे झुंजत राहिले, तर आपल्याच पक्षाचे बळ खर्ची पडते.

१९७८ साली हम्फ्री निवर्तले. वेळेवर घेतलेल्या माघारीने माणूस संपत नाही, हे त्यांच्याच १९६० नंतरच्या कार्याने सिद्ध केले आहे.