पर्सिव्हल पॉट आणि धुराड्यांतील मुलें

पर्सिव्हल पॉट (१७१४–१७८८) हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांचें नांव घेतांच आम्हांस धुराडीं झाडणारीं गरीब मुलें आठवतात. आमच्या प्राथमिक वर्गांतल्या मुलांएवढीं तीं असत! अरुंद धुराड्यांत चढतां चढतां काजळी त्यांच्या कातडीच्या सुरकुत्यांत मुरून बसे. पुढें तारुण्यांत कित्येकांस कर्करोग जडे, आणि वैद्य भलताच रोग समजून पारा देत. दोष मुलांच्या वर्तनाचा नसून काजळीचा आहे, हें पॉट यांनीं १७७५ सालीं दाखविलें. काजळींत व डांबरांत असणारें बेन्झोपायरीन हें सेंद्रिय विष १९३३ सालीं शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें. तें पेशींतील जनुकांसच इजा करतें. १७८८ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मुलांस या कामाची मनाई झाली, परंतु तो पाळला कोणी? १८७५ पर्यंत मुलें धुराड्यांत चढतच राहिलीं.