डॉ. डेनिस बर्किट : नकाशावरून रोगाचा माग काढणारे शल्यचिकित्सक

आयर्लंडमधील एनिस्किलन या गावी २८ फेब्रुवारी १९११ रोजी डेनिस पार्सन्स बर्किट यांचा जन्म झाला. वडील जेम्स हे व्यवसायाने अभियंते. परंतु त्यांचा जीव रमे तो पक्षिनिरीक्षणात. रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी घालून कोणता पक्षी कोठवर वावरतो याचे नकाशे ते काढीत. नकाशा काढून विचार करण्याची ही रीत मुलाने पुढे रोगांना लावली.

वयाच्या ११व्या वर्षी एका अपघातात बर्किट यांचा उजवा डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात अभियांत्रिकी सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९३५ मध्ये पदवीधर झाले. आफ्रिकेत रुग्णसेवा करावी ही त्या श्रद्धाळू तरुणाची ओढ होती. पण एका डोळ्याच्या शल्यचिकित्सकाचा अर्ज वसाहत सेवेने प्रथम नाकारला. महायुद्धातील लष्करी सेवेनंतर १९४६ मध्ये त्यांना युगांडात नेमणूक मिळाली.

१९५७ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक ५ वर्षांचा मुलगा दाखविला. त्याच्या जबड्यावर दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, गाठी आल्या होत्या. असे चित्र कोणत्याच ज्ञात रोगात बसेना. काही आठवड्यांनी जिंजा येथील रुग्णालयाच्या खिडकीतून त्यांना तसाच सुजलेला दुसरा चेहरा दिसला. त्या बालकाच्या पोटातही गाठी होत्या. योगायोग एकदाच घडतो, असे मानून बर्किट यांनी जुन्या नोंदी चाळल्या. वेगवेगळ्या नावांनी नोंदलेल्या बालकांच्या कित्येक गाठी वस्तुतः एकाच रोगाच्या होत्या. १९५८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे त्यांनी आफ्रिकाभरच्या डॉक्टरांना छायाचित्रांसह प्रश्नपत्रके पाठविली आणि येणारी उत्तरे भिंतीवरील नकाशावर मांडली. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून १० आठवड्यांत सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून त्यांनी पन्नासहून अधिक रुग्णालये पाहिली. नकाशावर एक पट्टा स्पष्ट झाला : उष्ण, पावसाळी, सखल प्रदेशात रोग होता, उंच, थंड प्रदेशात नव्हता. हा तर डासांचाच मुलूख! तेव्हा डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू या रोगामागे असावा, असा तर्क पुढे आला.

त्याच वर्षी लंडनमधील त्यांच्या व्याख्यानास अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण संशोधक उपस्थित होते. कंपालाहून गाठींचे नमुने विमानाने लंडनला जाऊ लागले. परंतु दोन वर्षांहून अधिक काळ हाती काही आले नाही. १९६३ च्या अखेरीस धुक्यामुळे रखडलेल्या विमानातून एक नमुना गढूळ होऊन पोहोचला. तो कुजला असावा असे वाटले. पाहतात तो गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. त्या पेशी वाढवून १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हर्पीस कुळातील एक नवा विषाणू पाहिला. मानवी कर्करोगाशी नाते जडलेला हा पहिला विषाणू होय.

पुढील शोधांनी मात्र सर्वांनाच चकित केले. हा विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो, आणि तो डासाने नव्हे तर लाळेतून पसरतो. त्याच्याजवळ ८०हून अधिक जनुके आहेत. पण बर्किट यांच्या गाठीत त्यांपैकी बहुतेक सारी मूक असतात. ईबीएनए-१ हे एकच विषाणुप्रथिन तेथे सामान्यतः आढळते. पेशी दुभंगताना विषाणूचा जनुकसंच पुढच्या पेशीत टिकवून धरणे, हे त्याचे काम. इतर प्रथिने प्रकट झाली असती तर शरीराच्या रक्षक पेशींनी गाठ ओळखली असती; हे मौन म्हणजे विषाणूचे कवचच. नाक व घशामागील कर्करोगात याच विषाणूची आणखी काही जनुके बोलू लागतात, आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या गाठींत त्याहूनही अधिक.

मग डासांच्या मुलुखाचे काय? तो संबंध खराच होता, पण हिवतापाच्या मार्गाने. वारंवारच्या हिवतापाने रक्षक पेशी दुबळ्या होतात, विषाणूबाधित पांढऱ्या पेशी वाढतात आणि गुणसूत्रांची तुटफूट होऊन मिक नावाचे जनुक भलत्या जागी जाऊन अनिर्बंध जागे राहते. बर्किट यांचा तर्क चुकला, नकाशा चुकला नाही.

चाकूने बरी न होणारी ही गाठ औषधांनी विरघळते, हेही शस्त्रक्रियेत मुरलेल्या या डॉक्टरांनी मोकळ्या मनाने स्वीकारले आणि तुटपुंज्या साधनांत औषधोपचार करून कित्येक मुले वाचविली. १९६६ मध्ये ते इंग्लंडला परतले. तेथे आहारातील कोंड्याचे व तंतूंचे महत्त्व त्यांनी लोकांना पटवून दिले. १९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ मार्च १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

वेळेवर निदान आणि पूर्ण उपचार लाभलेली बहुसंख्य मुले आज या रोगातून बरी होतात. जेथे औषध उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, अशा आफ्रिकेतील अनेक खेड्यांत ती अजूनही दगावतात. बर्किट यांच्या नकाशावरील तो पट्टा अद्याप पुसला गेलेला नाही.