चेटकिणीच्या नावामागची आन्येझी

महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात कलनशास्त्राचे इंग्रजी पाठ्यपुस्तक हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला स्वाध्यायात कधी ना कधी एक विचित्र नाव भेटते. विच ऑफ अग्नेसी, म्हणजे अग्नेसीची चेटकीण. स्पर्शिका काढा, वक्राखालचे क्षेत्रफळ काढा, असे प्रश्न त्याखाली असतात. उत्तर जुळले की विद्यार्थी पुढच्या गणिताकडे वळतो. ही अग्नेसी कोण आणि तिचा चेटुकाशी काय संबंध, हे विचारायला परीक्षेच्या धामधुमीत कोणाला सवड नसते. वास्तविक, आज पहिल्या वर्षाला कलनशास्त्र ज्या क्रमाने शिकवले जाते, तो क्रम लावून देणाऱ्या आरंभीच्या लेखकांत या बाईचे स्थान फार वरचे आहे.

मारिया गाएताना आन्येझी (इटालियन उच्चार असाच) हिचा जन्म १६ मे १७१८ रोजी मिलान शहरात झाला. मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या अमलाखाली होते. वडील पिएत्रो आन्येझी यांच्या घरी रेशमाच्या व्यापारातून आलेली गडगंज संपत्ती होती. ते गणिताचे प्राध्यापक होते असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते, पण त्याला आधार नाही. पैसा होता, प्रतिष्ठा मात्र हवी तेवढी नव्हती. व्यापाऱ्याच्या घराण्याने उमरावांच्या पंक्तीत बसावे ही त्यांची आकांक्षा होती आणि तिच्या पूर्तीचे साधन त्यांना स्वतःच्या दोन मुलींत सापडले. धाकटी मारिया तेरेसा वादनात आणि संगीतरचनेत निपुण, तर थोरली मारिया विद्येत.

थोरलीची बुद्धी खरोखरच अलौकिक होती. पाचव्या वर्षी ती अस्खलित फ्रेंच बोलत असे. नवव्या वर्षी तिने जमलेल्या विद्वानांपुढे स्त्रियांना उच्च शिक्षणाचा अधिकार आहे या विषयावर लॅटिनमध्ये भाषण केले आणि १७२७ साली ते छापूनही निघाले. अकराव्या वर्षापर्यंत ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश, जर्मन धरून तिला सात भाषा अवगत होत्या. वडिलांच्या दिवाणखान्यात संध्याकाळी सभा भरे. पाहुणे प्रश्न विचारत, मुलगी उत्तरे देई. मध्यंतरी धाकटी बहीण हार्प्सिकॉर्ड वाजवी. १७३९ साली शार्ल द ब्रोस हा फ्रेंच प्रवासी अशा एका सभेला हजर होता. युरोपच्या निरनिराळ्या देशांतले सुमारे तीस लोक गोलाकार बसले होते आणि मध्यभागी ही विशीची मुलगी आत्मा व शरीराचा संबंध, भरती-ओहोटी, प्रकाशाचे रंग अशा विषयांवर लॅटिनमध्ये वाद करीत होती. शेवटी ज्याने त्याने आपापल्या भाषेत तिच्याशी संभाषण केले. आपल्याकडे शतावधानी पंडितांचे प्रयोग होत, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे पंडिताला प्रयोगाची हौस नव्हती.

ती हौस नव्हती हे लवकरच स्पष्ट झाले. किशोरवयात तिला झटक्यांचा त्रास झाला होता. अतिअभ्यासाचा परिणाम मानून वैद्यांनी नृत्य आणि घोडदौड सुचवली, त्याने त्रास वाढलाच. १७३२ साली आई गेली. वडिलांनी पुढे आणखी दोन लग्ने केली आणि घरातील अपत्यांची संख्या एकवीसवर पोहोचली. १७३८ साली मारियाने सभांत मांडलेली १९० तात्त्विक विधाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यापाठोपाठ तिने वडिलांना सांगितले, की मला मठात जाऊन जोगीण व्हायचे आहे.

पिएत्रोंना हा मोठाच धक्का होता. त्यांनी परवानगी नाकारली. बापलेकीत अखेर एक करार झाला. मारियाने घरीच राहायचे, पण साधे कपडे घालायची, मनाला येईल तेव्हा चर्चमध्ये जायची आणि नाटके, नृत्यसमारंभ टाळायची तिला मोकळीक असायची. त्या काळी श्रीमंत घरातल्या अविवाहित मुलीला इतके मिळणे थोडेथोडके नव्हते. या तडजोडीतून जो निवांतपणा हाती आला, तो तिने गणिताला दिला.

१७४० साली रामिरो रांपिनेल्ली हा ऑलिव्हेटन पंथाचा साधू मिलानला आला. तो उत्तम गणिती होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली मारियाने नव्या गणिताचा पद्धतशीर अभ्यास केला. नवे गणित म्हणजे कलनशास्त्र. न्यूटन आणि लायब्निझ यांनी ते निर्माण करून अर्धशतक उलटले होते, परंतु शिकू पाहणाऱ्याची परिस्थिती बिकट होती. लोपिताल या फ्रेंच सरदाराचे १६९६ सालचे पुस्तक फक्त अवकलनापुरते होते. संकलनाची साधने आणि अवकल समीकरणे सोडवण्याच्या युक्त्या बर्नुली बंधू, ऑयलर, रिकाती यांच्या लेखांत आणि पत्रांत विखुरलेल्या होत्या, शिवाय निरनिराळ्या भाषांत. गुरू भेटला तर विद्या, नाहीतर नाही. मारियाला भाषांची अडचण नव्हती, गुरूही लाभला होता. धाकट्या भावांना शिकवण्यासाठी तिने टिपणे काढायला सुरुवात केली असे सांगतात. त्या टिपणांचा ग्रंथ झाला.

‘इन्स्तित्युत्सिओनी अनालितिके’ या नावाने तो १७४८ साली दोन खंडांत निघाला. पृष्ठे हजारावर. छपाईवर नजर राहावी म्हणून मुद्रकाने आपले यंत्र आन्येझींच्या घरात आणून बसवले होते. अवघड चिन्हांच्या त्या मजकुराची मुद्रिते लेखिकेने स्वतः तपासली. पहिल्या खंडात बीजगणित आणि निर्देशक भूमिती आहे. दुसऱ्या खंडात आधी अवकलन, मग संकलन, मग अवकल समीकरणे. आजचा विद्यार्थी वर्षभर ज्या वाटेने जातो तीच ही वाट, आणि ती एकाच लेखकाने, एकाच चिन्हपद्धतीने, सोपी उदाहरणे आधी आणि अवघड नंतर अशा बेताने आखलेली. ऑयलरचा अवकलनावरील मोठा ग्रंथ येण्यास अजून सात वर्षे होती. मर्यादाही सांगायला हवी. आज पहिल्याच धड्यात शिकवली जाणारी सीमेची काटेकोर कल्पना त्यात नाही. तिथला सारा व्यवहार अनंतसूक्ष्म राशींचा आहे. ती कल्पना रुजायला कोशीचे १८२१ सालचे पुस्तक यावे लागले.

ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हता, इटालियनमध्ये होता, आणि तो इटलीतील तरुणांसाठी आहे असे शीर्षकातच म्हटले होते. सात भाषा येणाऱ्या बाईने विद्वानांची भाषा बाजूला ठेवून लोकभाषा निवडली, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष भावावी. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ग्रंथाची प्रशंसा केली आणि १७७५ साली दुसऱ्या खंडाचे फ्रेंच भाषांतर निघाले. ग्रंथ सम्राज्ञी मारिया तेरेसा हिला अर्पण केला होता. तिने हिऱ्याची अंगठी आणि हिरेजडित स्फटिकाची पेटी पाठवली. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी सुवर्णपदक दिले आणि १७५० साली बोलोन्या विद्यापीठात तिची नेमणूक केली. तिथे लाउरा बास्सी ही विदुषी आधीपासून अध्यापन करीत होती, तेव्हा स्त्री म्हणून अडसर नव्हता. पण मारिया बोलोन्याला कधी गेलीच नाही. तिचे नाव नुसते पटावर राहिले.

आता त्या चेटकिणीविषयी. हा वक्र मारियाने शोधलेला नव्हे. फर्माने तो पूर्वी अभ्यासला होता आणि ग्विदो ग्रांदी या इटालियन गणितीने त्याला वळण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून वेर्सिएरा हे नाव दिले होते. घंटेसारखा मध्ये उंचावलेला आणि दोन्ही बाजूंना अक्षाकडे झुकत जाणारा, पण त्याला कधीच न टेकणारा असा हा वक्र. दोन्हीकडे अनंत पसरूनही त्याखालचे क्षेत्रफळ मूळ वर्तुळाच्या बरोबर चौपट भरते. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन कोल्सन यांनी या ग्रंथासाठी उतारवयात इटालियनचा अभ्यास केला आणि भाषांतर करून ठेवले. त्या नावाशी जुळणारा इटालियन शब्द अव्वेर्सिएरा, अर्थ सैतानाची बायको. कोल्सन यांची तिथे गफलत झाली असावी असा तर्क आहे. भाषांतर त्यांच्या पश्चात १८०१ साली छापले गेले आणि चूक तशीच राहिली. गंमत अशी, की इंग्रजांच्या न्यूटनभक्तीपायी लायब्निझची चिन्हे काढून त्यात न्यूटनची चिन्हे घातली गेली. पुढील काही दशकांत ती ब्रिटनमध्येही मागे पडली. चेटकीण तेवढी टिकली.

१७५२ साली पिएत्रो वारले आणि करार संपला. मारिया तेव्हा तेहतीस वर्षांची होती. तिने गणित सोडले. अनेक चरित्रकार या ठिकाणी हळहळतात. पण तिच्या बाजूने पाहिले तर वयाच्या एकविसाव्या वर्षी जे मागितले होते, ते आता कुठे हाती येत होते. तिने घरातल्या काही खोल्यांत आजारी, निराधार स्त्रियांना आणून त्यांची शुश्रूषा सुरू केली. भावंडांना ते रुचेना, तेव्हा १७५९ साली वेगळे घर भाड्याने घेतले. पैसा अपुरा पडू लागल्यावर सम्राज्ञीच्या भेटी विकल्या. १७६२ साली तूरिन विद्यापीठाने लाग्रांज या तरुणाच्या चलन-कलनावरील नव्या संशोधनाविषयी तिचे मत मागवले, तेव्हा आपण या विषयांतून निवृत्त झालो असल्याचे तिने कळवले. लाग्रांज पुढे युरोपातला अग्रगण्य गणिती ठरला.

१७७१ साली मिलानमध्ये त्रिवुल्त्सिओ घराण्याच्या देणगीतून वृद्ध व निराधारांसाठी आश्रम सुरू झाला. आर्चबिशपांच्या विनंतीवरून तिने स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी घेतली आणि १७८३ सालापासून ती तिथेच राहू लागली. अखेरच्या वर्षांत दृष्टी आणि श्रवण दोन्ही क्षीण झाले होते. ९ जानेवारी १७९९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिचे त्या आश्रमातच निधन झाले. साऱ्या संपत्तीचा विनियोग झालेला होता. आश्रमातील इतर गरिबांप्रमाणेच तिला सामायिक कबरीत पुरण्यात आले.