आगगाडीच्या डब्यातील ते संभाषण

रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजने तुम्ही उपासनेत अनेकदा गायली असतील. पण त्यांचा ख्रिस्ताकडे प्रवास कुठे सुरू झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? चर्चमध्ये नाही, सुवार्तेच्या सभेतही नाही. तो सुरू झाला आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाशी झालेल्या गप्पांतून.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. ते कवी होते, उत्तम वक्ते होते, पण मनाने अस्वस्थ होते. जातिभेदाने दुभंगलेल्या या देशाला नवे जीवन कोण देईल, हा प्रश्न त्यांना छळत असे.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळी गोरे प्रवासी हिंदी माणसाशी कसे वागत, हे टिळकांना माहीत होते. पण या गृहस्थांनी त्यांना आपुलकीने जागा करून दिली. मग बोलणे सुरू झाले, तेही टिळकांच्या आवडीच्या विषयावर, म्हणजे संस्कृत काव्यावर. पुढे त्यांनी ख्रिस्ताविषयी टिळकांना काय वाटते, हे विचारले. निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत दिली, ती मन लावून वाचण्याची विनंती केली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. एकमेकांचे नाव-गाव न विचारताच दोघे आपापल्या वाटेने गेले.

वाचकहो, इथे थोडे थांबा. त्या गृहस्थांनी केले तरी काय? जागा दिली, विचारपूस केली, ऐकून घेतले आणि मग आपल्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट पुढे केली. वाद घातला नाही. आपल्यापैकी कोणाला हे जमणार नाही?

टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते त्यांना खाली ठेवता येईना. मनातल्या प्रश्नांची उत्तरे तिथे होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत मोठी होती. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. टिळक पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हाही त्या आपले सोवळे-ओवळे पाळत होत्या. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाला विचारला आणि स्वतःच त्याचे उत्तर शोधले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ मध्ये मोकळेपणाने सांगितला आहे.

पण प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही, आणि टिळकांचे आयुष्य आपल्याला तेही शिकवते. अहमदनगरला त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. त्या घरात प्रार्थना होत, ख्रिस्ताविषयी बोलणे होई. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून त्यांच्यावरची माया कमी झाली का? मुळीच नाही. आपल्या मैत्रीची खरी परीक्षा इथेच आहे. मित्राने आपला विश्वास स्वीकारला नाही, तरी आपले दार त्याला उघडे असेल का? नसेल, तर ती मैत्री नव्हती, ते आमिष होते.

टिळक लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलत. तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले, असे ते मानत. म्हणून त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ साली साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तप्रेमींनाही जागा ठेवली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूकडे गेले.

आता तुमच्याविषयी. तुमच्यासोबत रोज लोकलने येणारा कोणीतरी असेल, कँटीनमध्ये तुमच्या शेजारी बसणारी मैत्रीण असेल. त्यांना काय आवडते, रात्री कशाची काळजी वाटते, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर तिथूनच सुरुवात करा. त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. त्यांनी विचारले, की ख्रिस्ताने तुमच्यासाठी काय केले ते साध्या शब्दांत सांगा. पुढचे काम पवित्र आत्म्याचे आहे. त्या सहप्रवाशाने बी पेरले आणि तो आपल्या स्टेशनावर उतरून गेला. आज शंभराहून अधिक वर्षे मराठी मंडळी त्याचे पीक गात आहे.